गोळीआधी चार प्रश्न

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९४५ मध्ये जे नियम झाले, त्यांत ‘अनुसूची के’ नावाचे एक परिशिष्ट आहे. हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या गावात काही घरगुती औषधे विकायला परवाना लागत नाही, अशी मुभा त्यात आहे. त्या यादीत ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या आहेत, वेदनाशामक बामही आहे. कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी थांबत जाते. त्या रुळाच्या दोन्ही अंगांना डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक हजाराच्या आतल्याच. डोकेदुखीची गोळी अशा वस्त्यांपर्यंत पोहोचावी याची तजवीज सरकारने फार पूर्वीच करून ठेवली. त्यात गैर काही नाही. दुखरे डोके घेऊन तालुक्याला जाण्यापेक्षा दोन गोळ्या जवळच मिळणे केव्हाही बरे. राहून गेले ते पुढचे काम. हे डोके महिन्यातून किती दिवस दुखते, एकदा दुखू लागले की किती वेळ राहते, तेव्हा आणखी काय काय होते, आणि त्यापायी महिन्याला किती गोळ्या पोटात जातात, हे चार प्रश्न विचारणारे माणूस तिथवर कोणी धाडले नाही. माझे म्हणणे असे की डोकेदुखीत हे प्रश्न म्हणजेच मुख्य तपासणी आहे, ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात करता येते आणि तिथेच व्हायला हवी.

तपासणी म्हटली की आपल्याला रक्त, लघवी, एक्स-रे आणि अलीकडे सीटी स्कॅन आठवतो. मधुमेह साखर मोजून कळतो, हिवतापाचे जंतू काचेवरच्या रक्तात दिसतात. अर्धशिशी कुठल्याच यंत्रात दिसत नाही. ती कळते रुग्णाच्या सांगण्यातून, आणि म्हणूनच ते सांगणे नेमके कसे मोजायचे यावर वैद्यकाने बरीच डोकेफोड केली आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका समितीने डोकेदुखीच्या प्रकारांची यादी केली खरी, पण तिची भाषा ‘सहसा’, ‘बहुधा’, ‘अनेकदा’ अशी होती. ती वाचून दोन डॉक्टर एकाच रुग्णाला दोन वेगळी नावे देऊ शकत, आणि दोघेही बरोबर ठरत. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने डेन्मार्कचे मेंदुविकारतज्ज्ञ येस ओलेसेन यांच्या अध्यक्षतेखाली नवे वर्गीकरण आणले आणि ‘बहुधा’च्या जागी आकडे बसवले. २००४ आणि २०१८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण पाया तोच राहिला. वलयाविना, म्हणजे आधी डोळ्यांपुढे चमकण्यासारखी लक्षणे न येता होणारी साधी अर्धशिशी म्हणायची तर तसे निदान पाच झटके तरी येऊन गेलेले असावेत. औषध न घेतल्यास झटका ४ ते ७२ तास टिकावा. एका बाजूला दुखणे, ठणकणे, दुखणे मध्यम ते तीव्र असणे, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने ते वाढणे, या चारांपैकी दोन गोष्टी असाव्यात. जोडीला मळमळ वा उलटी असावी, किंवा उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे व्हावेत. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने याचा उलगडा होत नसावा.

ताणाची म्हणतात ती डोकेदुखी याच्या उलट वागते. ती दोन्ही बाजूंना आवळल्यासारखी असते, सौम्य ते मध्यम असते, चालण्याफिरण्याने वाढत नाही, आणि अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत रेंगाळते. क्लस्टर नावाचा तिसरा प्रकार विरळा, पण भयंकर: एका डोळ्याभोवती १५ मिनिटे ते ३ तास असह्य कळा, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणावणे, नाक वाहणे किंवा चोंदणे, आणि रुग्ण पडून राहण्याऐवजी येरझाऱ्या घालत असणे. हे तिन्ही प्राथमिक प्रकार. त्यांत डोकेदुखी हाच आजार असतो. त्यांच्याखेरीज दुय्यम प्रकारांची लांबलचक यादी आहे. डोक्याला मार, रक्तवाहिन्यांचे विकार, जंतुसंसर्ग, विषारी वायू, औषधे, उपवास अशा दुसऱ्या कारणांनी उठणाऱ्या डोकेदुखी त्यात येतात. एवढा सगळा खटाटोप वाचून लक्षात येते की यातला बहुतेक भाग नीट विचारलेल्या प्रश्नांवर आणि थोड्या हातांच्या तपासणीवर उभा आहे. रक्तदाबाचे यंत्र, तापमापक, हातापायांची ताकद पाहणे, मान वाकवून पाहणे. पळसदरीसारख्या गावाच्या उपकेंद्रात यातले काहीही दुर्मीळ नाही.

डोकेदुखीचे प्रकार पाडणे आपल्याला नवे नाही, हेही मान्य करायला हवे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार दिले आहेत. त्यात अर्धावभेदक आहे, सूर्याबरोबर चढत जाणारा आणि सूर्य कलला की उतरणारा सूर्यावर्त आहे, कानशिलाचा शंखक आहे. दुखण्याची बाजू, वेळ आणि चाल पाहून रोग ओळखावा ही नजर त्यात स्पष्ट दिसते. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांना यावरून मोठे समाधान मिळते, ते त्यांना मिळो. मला त्यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या वर्गीकरणात प्रकार शेवटी वात, पित्त, कफाला नेऊन बांधलेले आहेत आणि कोणता रुग्ण कुठे बसवायचा हे वैद्याच्या अनुभवावर सोडलेले आहे. १९८८ नंतरच्या वर्गीकरणात किती तास, किती झटके, किती दिवस हे मोजावे लागते, म्हणून कर्जतची परिचारिका आणि कोपनहेगनचा तज्ज्ञ एकाच रुग्णाबद्दल एकाच उत्तरावर येऊ शकतात, आणि चुकले तर कुठे चुकले हे दाखवता येते.

असे मोजमाप हाताशी असताना आपण घरोघरी काय करतो ते पाहण्यासारखे आहे. सकाळी डोके चढले, दुपारी मळमळू लागले, उलटी झाली, अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यावर झोप लागली आणि उठल्यावर हलके वाटले, असे कुणी सांगितले की घरातून पहिले उत्तर येते, ‘पित्त झालंय.’ मग कोकमाचे सरबत येते, मोरावळा येतो, पित्ताची गोळी येते. उलटीनंतर बरे वाटले, म्हणजे पित्त पडले आणि डोके थांबले, असा हा हिशेब. वर दिलेली लक्षणे पुन्हा वाचली तर हे अर्धशिशीचे जवळजवळ पाठ्यपुस्तकातले वर्णन आहे. झटक्यात मळमळते आणि जठराची हालचालही मंदावते, म्हणून कित्येक तासांपूर्वीचे अन्नही उलटून पडते. पोट बिघडल्यामुळे डोके दुखले असे नसते. याच कारणाने, झटका भरात आल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही आणि लवकर घेतलेली लागू पडते. चूक नाव दिल्याचा तोटा इथेच सुरू होतो. पित्त मानणारी बाई आधी पित्ताचे औषध घेते, थांबून पाहते, आणि वेदनाशामक गोळीचा खरा उपयोग होण्याची वेळ निघून जाते.

दुसरे नाव सायनसचे. चार महिने पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात नाक चोंदणे नवे नाही, त्यामुळे कपाळ दुखले की सायनस हे समीकरण पक्के बसते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या, किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांना प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसली. अर्धशिशीच्या झटक्यात नाक चोंदू शकते, डोळ्यांतून पाणी येऊ शकते आणि हवापालट झटक्याला निमित्तही होतो, हे माहीत नसल्याचा हा परिणाम. तिसरे नाव रक्तदाबाचे. डोके दुखले की ‘बीपी वाढलं असणार’ म्हणून दवाखान्यात जाणे आणि दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करणे, या एकाच समजुतीच्या दोन बाजू आहेत. वर्गीकरण याबाबत स्वच्छ आहे: वरचा दाब १८० किंवा खालचा १२० च्या घरात गेल्याशिवाय डोकेदुखीचा दोष रक्तदाबावर टाकता येत नाही. गरोदरपण याला अपवाद, आणि तो पुढे येईलच. चौथे नाव चष्म्याचे. शाळेतल्या मुलाचे डोके दुखले की डोळे तपासावेत हे बरोबर. पण नंबर निघाला म्हणून अर्धशिशी नाही असे होत नाही, आणि लहान मुलांत तर झटका दोन तासांतही संपतो, म्हणून तो सहज नजरेआड होतो. बाईचे डोके वारंवार दुखत असेल तर पाचवे एक नाव असते, ते औषधाच्या दुकानात मिळत नाही: कामाचा कंटाळा.

चुकीच्या नावाखाली वर्षानुवर्षे गोळी चालू राहिली की गोळीच आजार होते, आणि माझ्या युक्तिवादातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ज्यांचे डोके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस दुखते आणि जे तीन महिन्यांहून अधिक काळ, साधी वेदनाशामके असतील तर महिन्याला १५ दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान, अर्गोटामाइन ही अर्धशिशीची खास औषधे असतील तर केवळ १० दिवस घेत आले आहेत, त्यांची डोकेदुखी औषधाच्या अतिवापराची असू शकते. गोळी उतरली की डोके पुन्हा उठते, त्यावर पुन्हा गोळी. आपल्याकडे कॅफीन मिसळलेल्या दोन-तीन घटकांच्या गोळ्या किती सहज घेतल्या जातात हे पाहता १० दिवसांची मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांसह कर्नाटकात शहरी आणि ग्रामीण भागांतल्या २,३२९ प्रौढांची घरी जाऊन पाहणी केली. वर्षभरात डोके दुखल्याचे सांगणारे ६३.९ टक्के निघाले, अर्धशिशीचे २५.२ टक्के, आणि महिन्यातून १५ दिवस वा अधिक दुखणारे ३ टक्के. ग्रामीण भागात प्रमाण शहरापेक्षा जास्त होते, म्हणजे ‘डोकेदुखी हे शहरी चोचले’ या समजाला त्यात आधार नाही. कर्जत-खालापूर तालुक्यांना हे आकडे जसेच्या तसे लावणे बरोबर होणार नाही. तरी अंदाजासाठी धरले, तर हजार प्रौढांमागे अडीचशे माणसे अर्धशिशीची आणि तीसएक माणसे महिन्यातले अर्धे दिवस दुखऱ्या डोक्याने काढणारी. या तीस जणांना शोधायला यंत्र लागत नाही, पहिला आणि चौथा प्रश्न लागतो.

आणि शोधल्यावर करायचे काय, हेही कठीण नाही. नॉर्वेत साध्या कुटुंबवैद्यांना अतिवापराची डोकेदुखी कशी ओळखायची आणि रुग्णाला ‘या गोळ्यांनीच तुमचे डोके दुखते आहे, त्या कमी करा’ हे थोडक्यात कसे समजवायचे एवढेच शिकवून पाहिले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना असे समजावले गेले त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची जुनाट डोकेदुखी सुटली; नेहमीप्रमाणे उपचार चालू राहिलेल्यांत असे फार थोडे होते. रुग्णालय नाही, नवे औषध नाही, काही मिनिटांचे बोलणे. अभ्यास छोटा होता आणि नॉर्वे म्हणजे खालापूर नव्हे, हे मान्यच. पण एवढ्या स्वस्त गोष्टीचा प्रयोग आपल्याकडे करून पाहायला कोणाची हरकत असावी असे वाटत नाही.

हरकत मात्र येते, आणि ती वजनदार आहे. ज्या वाड्यांत कुपोषण आहे, बायकांत रक्तक्षय आहे, क्षयरोग आणि सर्पदंश आहेत, तिथे डोकेदुखीचे लाड कशाला? डोकेदुखीने कोणी मरत नाही. याचे एक उत्तर आकड्यांत आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या भारताच्या मज्जाविकारांच्या आढाव्यानुसार २०१९ मध्ये देशात सुमारे ४८ कोटी ८० लाख लोकांना डोकेदुखीचा विकार होता. जगभरात माणसाला मारत नाहीत पण जगणे अडवतात अशा आजारांच्या २०१९ च्या हिशेबात अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर होती आणि तरुण स्त्रियांत पहिल्या. ज्या घरात हजेरीवर पैसे मिळतात तिथे महिन्यातले तीन दिवस पडून काढणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडणे. लावणीच्या आठवड्यात तर तेवढेच दिवस कमाईचे असतात. पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची गत वेगळी असली तरी दूरची नाही: अपुरी झोप, रिकामे पोट आणि दोन-अडीच तासांचा प्रवास, हे तिन्ही झटक्याला निमित्त होतात.

पण मला दुसरे उत्तर अधिक पटते. डोकेदुखीचे प्रश्न त्या गंभीर आजारांशी स्पर्धा करत नाहीत, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची ती वाट आहे. क्षयरोगाचा मेंदूज्वर आठवडे-दोन आठवडे हळूहळू वाढणारी डोकेदुखी आणि बारीक ताप असाच सुरू होतो; गोळीने ताप आणि दुखणे तात्पुरते उतरते आणि निदान मागे पडते. बाळंतिणीला नव्याने जबर डोकेदुखी सुरू झाली आणि आकडी आली किंवा हातपाय लुळे पडले, तर मेंदूच्या नीलेत गुठळी झालेली असू शकते. हा आजार भारतातल्या बाळंतिणींत चांगलाच परिचित आहे. गरोदर बाईचे डोके दुखते आहे आणि डोळ्यांपुढे चमकते आहे, तर रक्तदाब त्याच क्षणी मोजायला हवा. पावसाळ्यात तापाबरोबरचे डोके हिवतापाचे, डेंग्यूचे किंवा भातखाचरांतल्या लेप्टोचे असू शकते. थंडीत दार लावून आत शेगडी पेटवणाऱ्या झोपडीत, किंवा कोळशाच्या भट्टीजवळ झोपणाऱ्या कुटुंबात, सकाळी सगळ्यांचीच डोकी दुखत असतील तर कारण कार्बन मोनॉक्साइड असू शकते, आणि ते ओळखायला ‘घरात आणखी कोणाचं दुखतंय का?’ एवढाच प्रश्न पुरतो. हे सगळे त्या वर्गीकरणाच्या दुय्यम भागातच नोंदलेले आहे. ज्याला साधी डोकेदुखी नीट ओळखता येते त्यालाच वेगळी डोकेदुखी वेगळी वाटते.

दुसरी हरकत शहरातून येते आणि भीतीच्या आवाजात येते: मेंदूत गाठ असली तर? एकदा स्कॅन करून टाकलेला बरा. इंग्लंडमध्ये कुटुंबवैद्यांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये काढलेला हिशेब असा की डोकेदुखी घेऊन आलेल्या हजार जणांत मेंदूची गाठ साधारण एकाला निघते. उलट, काहीही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर सुमारे ३७ जणांमागे एकाच्या मेंदूत काही तरी अनपेक्षित सापडते, असे २००९ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले, आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असते. म्हणजे घाबरून काढलेला स्कॅन धीर देण्यापेक्षा नवा घोर लावण्याचीच शक्यता जास्त. नेहमीची, निकषांत बसणारी अर्धशिशी असेल आणि तपासणीत काही दोष नसेल तर स्कॅन करू नये असे खुद्द अमेरिकेतल्या डोकेदुखी संघटनेने आपल्या डॉक्टरांना २०१३ मध्ये बजावले. तिथे यंत्रांची टंचाई नाही. वाडीतल्या माणसाला स्कॅन म्हणजे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि बहुतेक वेळा उसनवारी. तेवढ्या पैशांनंतर ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे उत्तर हाती पडते, डोके तसेच दुखत राहते, आणि आता त्याच्या दुखण्यावर घरच्यांचाही विश्वास उरत नाही.

स्कॅन कधीच नको असे मी म्हणत नाही. तो कोणाला आणि किती तातडीने हवा हेही प्रश्नच ठरवतात. क्षणार्धात, एखाद्या मिनिटात शिगेला पोहोचलेली आयुष्यातली सर्वात वाईट डोकेदुखी; ताप आणि ताठलेली मान; पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली; आठवड्यागणिक वाढत जाणारी; खोकल्याने, शिंकेने किंवा आडवे पडल्यावर बळावणारी; सोबत आकडी, लुळेपणा, दुहेरी दिसणे किंवा भान हरपणे; डोक्याला मार; गरोदरपण आणि बाळंतपण; कर्करोग किंवा एचआयव्हीची पार्श्वभूमी; लाल, दुखरा, धूसर दिसणारा डोळा. यांतले एकही ‘हो’ आले तर चार प्रश्नांचा खेळ तिथेच थांबवून रुग्णवाहिका बोलवावी किंवा त्याच दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. आज होते ते असे की ज्याला गरज नाही तो कर्ज काढून स्कॅन करतो आणि ज्याला तासाभरात हलवायला हवे तो दोन गोळ्या घेऊन रात्र काढतो.

तिसरी हरकत डॉक्टरांची. वर्गीकरणाच्या ग्रंथात शेकडो प्रकार आणि उपप्रकार आहेत. ते उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला कसे पेलणार? या हरकतीत तथ्य आहे, पण ती डॉक्टरांवरही उलटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगभरच्या वैद्यकीय पदवी शिक्षणात डोकेदुखीच्या वाट्याला सरासरी चार तास येत असल्याचे आढळले. चार तासांत शेकडो प्रकार डॉक्टरही शिकत नाही. आणि उपकेंद्रात ते सगळे लागतही नाहीत. तिथे लागतात दोन मुख्य प्रकार, एक अतिवापराचा आणि धोक्याच्या खुणा. अर्धशिशी हेरण्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये पारखून घेतलेली तीन प्रश्नांची चाळणी आहे: मळमळते का, उजेड सहन होत नाही का, आणि गेल्या तीन महिन्यांत एखाद्या दिवशी तरी डोक्यामुळे काम अडले का. तिन्हींपैकी दोन उत्तरे ‘हो’ आली तर अर्धशिशीची शक्यता मोठी. ही चाळणी अर्धशिशी असलेल्या शंभरांतल्या ८१ जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरांतल्या ७५ जणांना बरोबर वगळते. म्हणजे चुका होतात, आणि कमी नाही होत. त्यांची तुलना मात्र आदर्श तज्ज्ञाशी न करता पित्त, सायनस आणि चष्मा या आजच्या निदानांशी करायला हवी.

आठवणीवर विसंबून दिलेली उत्तरे कच्ची असतात, हा त्यातला खरा दुबळेपणा. त्यासाठी जगभर डोकेदुखीची रोजनिशी ठेवायला सांगतात, आणि आपल्याकडे लगेच प्रश्न येतो की अक्षरओळख नसलेली बाई रोजनिशी कशी लिहिणार. तिच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेले असते. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, पाळीची तारीख त्याच चौकोनांत खुणावली जाते. डोके दुखले त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली तर तिला गोल, एवढे केले की दोन महिन्यांनी जे पान समोर येते ते कुठल्याही रिपोर्टइतके बोलके असते. त्यात पाळीच्या आसपासचे झटके दिसतात, चतुर्थी-एकादशीच्या उपवासानंतरची फुली दिसते, आणि गोलांची संख्या दहाच्या वर गेली की तेही दिसते. हे दिनदर्शिकेचे पान तपासणीला सोबत आणायला सांगण्यासाठी शासन निर्णयाचीही गरज नाही.

उपवासाचा उल्लेख आला म्हणून चौथ्या हरकतीकडे वळतो. हे निकष पाश्चात्त्य रुग्णांवर बेतलेले, ते आपल्याला कशाला? उपाशी राहण्याने होणारी डोकेदुखी त्या वर्गीकरणात आहे. किमान आठ तास पोटात काही नसल्यावर उठणारी आणि खाल्ल्यावर उतरणारी, अशी तिची व्याख्या आहे. केस धुतल्यावर डोके उठणे मात्र पाश्चात्त्य पुस्तकांत नव्हते. न्हाऊन ओल्या केसांनी राहिले की डोके धरते असे आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी ते हसण्यावारी नेले नाही. असे सांगणाऱ्या ९४ रुग्णांची व्यवस्थित नोंद करून त्यांनी ती २००६ मध्ये ‘सेफालाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि डोक्यावरून नाहणे हे अर्धशिशीचे निमित्त म्हणून वैद्यकीय वाङ्मयात गेले. निकष परके म्हणून नाकारण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे काम. मुंबईच्या तज्ज्ञाकडे पोहोचणाऱ्या रुग्णांपलीकडे, उन्हात वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईच्या डोक्याचे निमित्त काय, याची अशी नोंद कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो झटकून टाकू नये. ज्या आजाराची खात्री करणारी एकही चाचणी नाही, त्याचे निकष म्हणजे तज्ज्ञांनी आपसांत केलेला ठरावच नव्हे काय? एका अर्थी हो. चार तासांऐवजी तीन तास ही मर्यादा का नाही, याला निसर्गात उत्तर नाही. पण ठरावाची परीक्षा त्याच्या फळांवरून होते. निकष एक झाल्यावरच वेगवेगळ्या देशांतल्या औषधचाचण्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या. खास अर्धशिशीसाठीचे सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये बाजारात आले ते अशा चाचण्यांतून. पुढे सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी औषधे २०१८ पासून आली आणि त्या संशोधनासाठी ओलेसेन यांच्यासह चार शास्त्रज्ञांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले. निकषांत बसणाऱ्या माणसांवर ही औषधे चालतात, याचा अर्थ निकषांनी खरोखरचे काही तरी पकडले आहे. ही नवी औषधे वाडीच्या आवाक्यात येणार नाहीत, यायचीही घाई नाही. झटक्याच्या सुरुवातीला पुरेशा मात्रेत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, आणि झटके वारंवार येत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून, दम्याची चौकशी करून सुरू केलेले प्रोप्रॅनोलॉल किंवा रात्री थोड्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन, ही जुनी आणि स्वस्त औषधे बहुतेकांना पुरी पडतात. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून तज्ज्ञाला विचारावे, आणि तेव्हा कालनिर्णयाचे पान कॅमेऱ्यासमोर धरावे.

उपकेंद्रात आज तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. त्यासाठी आशाताई घरोघर जाते, माहिती भरते. तिच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवा असे सुचवणे क्रूरपणाचे होईल. आहेत तीच रजिस्टरे तिला पुरून उरतात. त्याच भेटीत, त्याच कागदावर ‘महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?’ आणि ‘किती दिवस गोळी घेता?’ ही दोन वाक्ये वाढवावीत. पंधरा आणि दहा या आकड्यांपुढे उत्तर गेले की उरलेले प्रश्न समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने विचारावेत. पळसदरीपासून खोपोलीपर्यंतच्या गावांत आणि वाड्यांत हे एक वर्ष करून पाहावे आणि वर्षाअखेरीस पुन्हा तेच दोन आकडे मोजावेत. महिन्यातून दहा दिवसांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांची संख्या उतरली नसेल, तर हा सगळा युक्तिवाद कागदावरच बरा होता असे खुशाल म्हणावे आणि तो पैसा सर्पदंशावरच्या प्रतिविषाला द्यावा.